लाडेपोचं दंडवत

लाडेपोचा उजवा पाय कधी कुणाच्या अध्यात नव्हता ना मध्यात. इसेयिन या विणकरांच्या गावातल्या बहुतेक पायांसारखा तोही सकाळी मागाखाली जाऊन बसे. दिवसभर पट्टी दाबे, सोडे, दाबे, सोडे. संध्याकाळी धन्याला घरी पोचवी. सत्तेचाळीस वर्षांत त्याच्याविषयी एक तक्रार नव्हती.

मग एका मंगळवारी लाडेपो सुताचं गाठोडं उचलायला वाकला. काही तुटल्याचा आवाज आला नाही. कंबरेत काहीतरी नुसतं हललं, झोपेत कूस बदलल्यासारखं. नंतर कुल्ल्यातून एक कळ निघाली, मांडीच्या मागून उतरली, पोटरीला वळसा घालून करंगळीत जाऊन बसली. तिथे बसल्या बसल्या तिने मुंग्यांना बोलावून घेतलं.

लाडेपो गाठोड्यावर तसाच वाकून राहिला. समोरच्या टपरीत चवळीचे वडे तळणारी इया रोनके, म्हणजे रोनकेची आई, हातात झारा घेऊन धावत आली.

"काय शोधतोयस खाली?"

"काही नाही."

"मग वर ये."

"येत होतो. आता येत नाहीये."

दोघा विणकरांनी त्याला उचलून घरी नेलं, वाकलेला होता तसाच. वाटेत त्याला ओळखीच्या सर्व चपला दिसल्या, चेहरा एकही दिसला नाही.

त्या दिवसापासून लाडेपोच्या पायाबद्दल मत नाही असा माणूस गावात उरला नाही. इया रोनके म्हणाली, थंड फरशीवर बसल्याने झालं. चुलता म्हणाला, गोड खाल्ल्याने. एक निवृत्त शिपाई म्हणाला, पलटणीत एकाला असंच झालं होतं; पुढे काय झालं ते मात्र त्याने सांगितलं नाही, नुसती मान हलवली. काढेवालीने तीन बाटल्या दिल्या. एक काळी, एक तपकिरी. तिसरी कशाची, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तुझं लग्न ठरतंय असं ऐकलं. ती त्यासाठी."

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. झोपून राहा. लाडेपो तीन आठवडे मऊ गादीवर उताणा झोपून राहिला. पहिल्या आठवड्यात त्याला बसवत नव्हतं. दुसऱ्यात उभं राहवेना. तिसऱ्यात शिंक आली की आधी तो पलंगाची कड घट्ट धरी, मग शिंके.

घाबरण्याचं खरं कारण पाय नव्हता. खरं कारण ओयेदिरान हेडमास्तर होते.

फेहिंतोला ही त्यांची मुलगी. वय एकोणचाळीस. विणकरांना सूत विकायची. गेली दोन वर्षं ती लाडेपोच्या विणकामाच्या छपरात निळं सूत घेऊन येई आणि गरजेपेक्षा जास्त वेळ थांबे. लाडेपोही गरजेपेक्षा जास्त निळं सूत घेई. शेवटी त्याने विणलेला प्रत्येक पट्टा निळा व्हायला लागला तेव्हा तीच म्हणाली, "आता बाबांकडे या. नाहीतर गाव आकाशासारखं दिसायला लागेल."

बाबांकडे जायचं म्हणजे दंडवत घालायचं. पुरुषाने वडीलधाऱ्यांसमोर छाती जमिनीला लावायची, हे इसेयिनमध्ये सांगावं लागत नाही. पण हेडमास्तर दंडवताचे परीक्षक होते. फेहिंतोलासाठी आलेला पहिला मुलगा नुसता वाकला आणि बोटांनी जमिनीला शिवला. त्याला पाण्याचा ग्लासही न देता निरोप मिळाला. दुसऱ्याने झोपण्याआधी खाली रुमाल पसरला. "माझी फरशी तुला घाण वाटते?" एवढंच त्याला विचारण्यात आलं. तिसऱ्याने अंग चांगलं टाकलं होतं, पण पोट मोठं असल्यामुळे छाती अधांतरी राहिली. हेडमास्तर खुर्चीतून उठले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "टेकली नाही. पोटाने मला फसवू नकोस." शिवाय पास झालेल्यालाही ते लगेच उठू देत नसत. तो खाली असतानाच त्याच्या घरच्या एकेकाची खुशाली विचारत, आजीपासून सुरुवात करून.

दोन्ही घरांच्या भेटीचा शनिवार ठरला होता. चार आठवडे उरले होते. लाडेपोने घरी दार लावून एक दंडवत घालून पाहिलं. तो अर्ध्यात अडकला आणि अर्धा तास भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

फेहिंतोला आली. तिने बाटल्या पाहिल्या, गादी पाहिली, भिंतीला लागलेलं डोकं पाहिलं.

"उठा. सरकारी दवाखान्यात बुसारीबाई आहेत. हाडं-नसांचा व्यायाम शिकवतात."

"उठता येत असतं तर दवाखाना कशाला लागला असता?"

"मग तसेच चला. चपला बघत चला."

बुसारीबाई पंचविशीच्या होत्या. त्यांच्या खोलीत एक टेबल, एक प्लास्टिकचा मणका आणि पंखा. पंखा बंद होता.

"किती दिवस झोपून आहात, काका?"

"तीन आठवडे."

"कुणी सांगितलं झोपायला?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांना घेऊन या. सगळ्यांना चालायला लावते."

त्यांनी त्याला उताणा झोपवून उजवा पाय सरळ वर उचलला. वीतभर उचलला असेल. लाडेपोच्या तोंडून जे निघालं त्याबद्दल त्याने नंतर तीनदा माफी मागितली. मग त्यांनी त्याला टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, बोटं दाबून पाहिली आणि तो प्लास्टिकचा मणका हातात घेतला.

"पायाला काही झालेलं नाही. मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. त्यातली एक जरा बाहेर आलीय आणि नसेला टेकलीय. ही नस कंबरेतून निघते ती थेट बोटांपर्यंत जाते. दाब वर आहे, बोंब खाली आहे. याला सायटिका म्हणतात."

लाडेपोने विचार केला. इसेयिनमध्ये माणूस मागावर बसतो तेव्हा ताण्याचे धागे त्याच्या कमरेपासून पंधरा-वीस पावलं लांब जातात. दुसऱ्या टोकाला लाकडी घसरगाडी, तिच्यावर जड दगड. कापड गुंडाळत जावं तसा दगड घसरत विणकराकडे येतो.

"म्हणजे धागा माझ्यापाशी अडकलाय आणि हलतोय तिकडचा दगड," तो म्हणाला.

"अगदी बरोबर. आणि तुम्ही तीन आठवडे दगडाला तेल चोळताय."

बुसारीबाईंनी सांगितलं त्यातलं निम्मं त्याला आवडलं. हा आजार बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. झोपून राहायचं नाही. थोडं थोडं चालायचं, रोज वाढवत न्यायचं. अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही. गाठोडं कंबरेतून वाकून उचलायचं नाही, गुडघे दुमडून अंगाशी धरायचं. "आणि लघवी कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर वडेवालीला विचारत बसायचं नाही. त्याच क्षणी मोठ्या इस्पितळात. कळलं?"

"कळलं."

"आता पालथे व्हा."

लाडेपोने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्यासमोर?"

"टेबलावर."

"बाई, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे. मी तुमच्यासमोर पालथा पडलो तर तुमचं भलं होणार नाही."

"हे मला दिवसातून चार जण सांगतात. माझं बरं चाललंय."

"मी डोकं भिंतीकडे केलं तर चालेल?"

"करा. नसेला दिशा कळत नाही."

तो भिंतीकडे डोकं करून पालथा झाला. आधी नुसतं पडून राहायचं. मग कोपरांवर उठायचं. मग कंबर सैल सोडून तळहातांवर छाती उचलायची, खाली यायचं. दहा वेळा. सातव्या वेळी तो थांबला.

"पोटरीतली कळ गेली. पण कुल्ल्यात जास्त दुखतंय."

"छान. खालून वर येतेय म्हणजे घराकडे निघालीय. उलट खाली जायला लागली तर थांबायचं आणि मला येऊन सांगायचं. हा व्यायाम सगळ्यांना चालत नाही, तुम्हाला चालतोय. उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा."

लाडेपो कुशीवर वळला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा न कण्हता उभा राहिला. त्याला बुसारीबाईंचा चेहरा दिसला. चेहरा चांगला होता.

"बाई, मला चार आठवड्यांनी एक दंडवत घालायचंय. जमेल?"

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही आजपासून दिवसातून पाच घालणार आहात."

दुसऱ्या दिवसापासून तो छपरात परत गेला. अर्धा तास विणायचं, उठायचं, रस्त्याच्या वळणापर्यंत चालून यायचं. दर दोन-तीन तासांनी चटई टाकून पालथं व्हायचं. छप्पर अरुंद. चटई एकाच दिशेने बसे, ताण्याच्या बाजूने, डोकं रस्त्याकडे. म्हणजे जो दारात येई त्याच्यासमोर लाडेपो पालथा असे. दारात कुणी नसलं तर समोर मागाचा दगड असे.

आधी आलीमी आजोबा आले. पंच्याऐंशी वर्षांचे. दारातून त्यांना लाडेपो दिसला आणि त्यांचे डोळे भरून आले. आजकालची माणसं डोकं हलवून जातात, आणि हा पहा. त्यांनी त्याला मुलं दिली, नातवंडं दिली, दीर्घ आयुष्य दिलं. लाडेपोचे आठ झाले होते. नऊ आणि दहा त्याने आशीर्वादातच उरकले.

दुसऱ्या दिवशी इबादान शहराहून एक बाई आली. बँकेत कामाला, वय चोवीस, स्वतःच्या लग्नाच्या कापडासाठी आलेली. कापड आधीच पंधरा दिवस उशिरा होतं आणि ती भांडायच्या तयारीने आली होती. दारात पोचली, तर वडिलांच्या वयाचा माणूस तिच्या पायांशी. तिने पर्स टाकली आणि ती दोन्ही गुडघ्यांवर बसली.

"काका, नका हो. माझ्याकडून काय चूक झाली?"

"काही नाही. बस, चार राहिले."

"चार काय?"

"वेळा."

ती मटकन खालीच बसली. "लग्न पुढे ढकलते मी. तुम्ही सावकाश विणा."

लाडेपोने उठून तिला नस समजावली, मणका समजावला, दगडाची उपमा दिली. ती मान हलवत राहिली आणि उलट पावली चालत गेली.

तिसऱ्या दिवशी दारात इया रोनकेची बकरी होती. ती उंबऱ्यात उभी राहून सुताचं एक टोक शांतपणे चावत होती. लाडेपो तिच्यासमोर छाती उचलत होता, टेकवत होता, उचलत होता, टेकवत होता. बकरीला शोधायला आलेल्या इया रोनकेने हे दहाही मोजले.

इया रोनकेकडे प्रत्येक वड्याबरोबर बातमी फुकट मिळते. दुपारी बातमी होती की लाडेपो बकरीला दंडवत घालतो. दिवस मावळायच्या आत तो तिला रोज घालत होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी छपरात डोकावलं. बकरी नव्हती, तेव्हा लाडेपो दगडासमोर पडला होता. मग बातमीत दगडही आला.

लाडेपोला याचं फार वाटलं नाही. कळ पोटरीतून मांडीत आली होती. मांडीतून कुल्ल्यात. शिंक आली की तो आता नुसता शिंकत असे. मधे एक दिवस उगाच शूरपणा करून तो दोन तास मागावर बसला, तर कळ पुन्हा पोटरीत उतरली. बुसारीबाईंनी त्याला शाळेतल्या पोरासारखं झापलं, आणि पुन्हा पहिल्यापासून. शनिवार चार दिवसांवर आला तेव्हा फक्त करंगळीत थोड्या मुंग्या उरल्या होत्या. त्याने घरी सलग तीन दंडवतं घातली आणि तिन्हींमधून उठला.

त्याच दिवशी फेहिंतोला आली. तिच्या हातात सूत नव्हतं.

"बाबांनी उद्या बोलावलंय. एकट्याला."

"कशाला?"

"बकरीबद्दल विचारायचंय."

लाडेपो दुसऱ्या दिवशी सकाळी चालत गेला. चालणं त्याला सांगितलेलंच होतं. हेडमास्तर बैठकीत उभे होते, उभ्यानेच पेपर वाचत. गेले सहा महिने ते उभ्यानेच वाचत, उभ्यानेच जेवत. गाव म्हणे, सत्तरी उलटली तरी काय शिस्त आहे पाहा.

लाडेपो उंबऱ्यातच खाली जायला निघाला.

"थांब," हेडमास्तर म्हणाले. "घालू नकोस."

लाडेपो अर्ध्यावर थांबला. चार आठवड्यांपूर्वी असा थांबला असता तर तो अजून तिथेच असता. तो हळूच सरळ झाला.

"आलीमीसमोर पडलास. ठीक. वय आहे त्याचं. मग काल जन्मलेल्या बँकवालीसमोर. मग बकरीसमोर. मग दगडासमोर. बरोबर?"

"बरोबर, सर. पण..."

"माझ्या मुलीसाठी मी तीन जणांना परत पाठवलं. ते दंडवत द्यायला कंजूष होते. तू चौथा. तू रस्त्यावर वाटत सुटलायस. बकरीच्या मागे मी रांगेत उभा राहणार नाही. शनिवारी तुझ्या माणसांना आणू नकोस."

आतल्या खोलीत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला. फेहिंतोला तिथे होती. लाडेपोच्या लक्षात आलं की आता जे बोलायचं ते एकदाच बोलता येईल. त्याला मोठी भाषा येत नव्हती. जी येत होती तीच त्याने वापरली.

"सर, मी कुणालाच घालत नव्हतो. माझ्या कंबरेतली गादी सरकलीय. नसेला टेकते. कळ कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून खाली जाते."

हेडमास्तरांनी पेपर खाली केला. "मागून? पुढून नाही?"

"मागून. मग पोटरीत."

"बाहेरच्या बाजूने."

"हो."

"आणि बसलं की वाढते."

"बसलं की वाढते. चाललं की कमी."

"करंगळीला मुंग्या?"

"आता थोड्याच आहेत," लाडेपो म्हणाला आणि हेडमास्तरांच्या पायांकडे त्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. डावा पाय गुडघ्यात किंचित दुमडलेला होता. सगळा भार उजव्यावर. टेबलाच्या कडेवर एक हात, बोटांची पेरं पांढरी.

"सर, तुम्ही बसा ना."

"मला बसायला आवडत नाही."

"कधीपासून?"

हेडमास्तरांनी जाऊन दार लावलं. दारापर्यंतची सहा पावलं लाडेपोने मोजली, आणि त्यातलं प्रत्येक त्याच्या ओळखीचं होतं.

"बुसारीबाईकडे मीही गेलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "गेल्या महिन्यात. तपासलं, सगळं समजावलं. हुशार मुलगी आहे. मग म्हणाली, पालथे व्हा. पोटाखाली उशी घ्या आणि रोज घरी करा. मी टोपी घेतली आणि आलो."

"का, सर?"

"मला शेवटचं दंडवत घालून बावीस वर्षं झाली. माझे काका होते तोवर घालायचो. आता गावची माझ्याहून मोठी तीनच माणसं उरलीत. एकाला दिसत नाही. एक मुलाकडे परदेशात आहे. आणि आलीमीशी मी बोलत नाही." त्यांनी पेपरची घडी घातली. "मला ज्यांच्यासमोर पडता आलं असतं ती माणसं संपली. आता मी कुणासमोर पडू? भिंतीतल्या पालीसमोर?"

लाडेपोने बैठकीकडे पाहिलं. पूर्वेच्या भिंतीवर हेडमास्तरांच्या वडिलांचा फोटो होता. टोपी, झगा, छातीवर कुठलंसं पदक. चेहरा असा की त्यांनीही कुणाला पाण्याचा ग्लास न देता परत पाठवलं असावं.

त्याने कोपऱ्यातली चटई घेतली. फोटोखाली नेऊन पसरली. खुर्चीवरची उशी मधोमध ठेवली.

"नसेला दिशा कळत नाही," तो म्हणाला. "आपल्याला कळते."

हेडमास्तरांनी फोटोकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. लाडेपोने एक हात धरला. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग हात. वडिलांसमोर ते हळूहळू पूर्ण खाली गेले, आणि छाती टेकली तेव्हा त्यांनी जो श्वास सोडला तो बावीस वर्षांचा वाटला.

"आता?"

"आता नुसतं पडायचं, सर. कळ खाली गेली तर सांगा, लगेच थांबू."

"तू काय उभा राहून बघतोयस? मी खाली असताना?"

हे खरं होतं. लाडेपो तत्काळ त्यांच्या शेजारी पालथा झाला.

"सोफ्याखाली माझं पेन आहे," थोड्या वेळाने हेडमास्तर म्हणाले. "फेहिंतोलाला वाटतं मी पेन्शनच्या कचेरीत विसरलो."

"कळ कुठे आहे, सर?"

"पोटरीत. नाही, थांब." त्यांनी डावा पाय सैल सोडला. "गुडघ्याच्या वर."

"घराकडे निघालीय."

"काय?"

"बुसारीबाई असं म्हणतात."

"तुझ्या आजीची तब्येत कशी आहे?"

"ती वारली, सर. मी सहा वर्षांचा असताना."

"आणि चुलते?"

लाडेपो चुलत्यांवरून आत्यांवर आला होता तेव्हा दार उघडलं. फेहिंतोला पाण्याचा तांब्या आणि दोन ग्लास घेऊन आली होती. इतका वेळ आवाज येत नव्हता, त्यामुळे ती घाबरली होती. तिने पाहिलं की आजोबांच्या फोटोसमोर तिचे बाबा आणि लाडेपो शेजारी शेजारी पालथे पडले आहेत. तिने तांब्या खाली ठेवला आणि फोटोकडे तोंड करून दोन्ही गुडघे टेकले.

"आजोबांना लग्नाचं कधी सांगितलंत?" तिने हळूच विचारलं.

हेडमास्तर छाती उचलत होते. पहिलीच वेळ होती.

"त्याला पाणी दे," ते म्हणाले. "आणि दार लावून घे. बकरी येईल."

शनिवारी लाडेपोकडची वीस माणसं आली. सगळ्यांच्या अंगावर निळं. लाडेपो पुढे आला, खाली गेला, त्याची छाती टेकली. जमलेल्यांनी बसायला जागा नीट करून घेतली, कारण आता खुशाली सुरू होणार आणि आजीपासून होणार, हे सर्वांना ठाऊक होतं. इया रोनकेने तर डबा उघडला.

हेडमास्तर खुर्चीत बसले होते. सहा महिन्यांनी बसले होते, पाठीमागे गुंडाळलेला टॉवेल घेऊन. त्यांनी खाली पाहिलं आणि गंभीर आवाजात म्हणाले,

"ऊठ. सरळ उठू नकोस. आधी कुशीवर वळ. मग हाताने रेट."

हा आशीर्वाद कुणी पूर्वी ऐकला नव्हता. पण हेडमास्तरांचा होता. सगळे एकसुरात म्हणाले, "आमीन."